परलोकाचा फॉन्ट

"आले! आले! भाऊजी आले!"

बेकरीवाल्या मावशी अशा काही ओरडल्या की मागच्या रांगेतले लोक खुर्च्यांवर चढून बघायला लागले. आले होते ते भाऊजी नव्हे, कागद आला होता. प्रिंटरनं आधी घसा खाकरल्यासारखा आवाज केला, मग कुरकुरत एक पान बाहेर ढकललं आणि सगळ्या दुकानानं हात जोडले. माझ्या ताईनं तर डोळेच मिटून घेतले.

प्रिंटरशेजारी उभा होता तो दूत. हे नाव त्यानं स्वतःच स्वतःला दिलं होतं. मी मनातल्या मनात त्याला टोनरमहाराज म्हणायचे.

"कॉम्प्युटरची केबल काढली, सगळ्यांनी पाहिली? शाई काढली, पाहिली?" काळी कार्ट्रिज चिमटीत धरून त्यानं पहिल्या रांगेसमोरून फिरवली. "तार नाही, शाई नाही, मग लिहितंय कोण? मंडळी, देह म्हणजे हार्ड कॉपी. ती फाटते, जळते. आत्मा म्हणजे सॉफ्ट कॉपी! ती कधी डिलीट होत नाही. ती वर सेव्ह होते!"

"वा, काय बोलले!" चष्मेवाले काका म्हणाले. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

हे दुकान माझ्या ताईचं आणि भाऊजींचं. झेरॉक्स, टायपिंग, प्रिंटआउट, लॅमिनेशन. भाऊजी अचानक आजारी पडले आणि गेले. त्यानंतर ताई काउंटरवर नुसती बसून राहायची, गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी तिचं लक्ष नसायचं. टायपिंगचं काम मी आधीपासून करत होते, तेच पुढे रेटत राहिले. अशात आमच्या थोरल्या दादानं कुठूनसा हा दूत शोधून आणला. बघता बघता गिऱ्हाइकांच्या जागी भक्त बसायला लागले. दादा मागच्या भिंतीला टेकून मोबाइलवर सगळ्याचं शूटिंग करायचा. जन्मभर ज्याला कुणी विचारलं नाही, त्या माझ्या भावाला लोक आता वाकून नमस्कार करत होते.

हा तमाशा मी एक वेळ चालवून घेतला असता. पण ताईच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, ताबडतोब काढायला हवी, दिवस घालवू नका. आणि त्याच आठवड्यात प्रिंटरमधून पान आलं: 'चिमणे, अंगाला सुरी लावून घेऊ नकोस. मी आहे ना.'

"अगं ताई, ते वायफायवरून येतं," मी तिला हजारदा सांगितलं. "केबल काढली म्हणून काय झालं? दुकानातल्या कोणत्याही मोबाइलवरून पाठवता येतं."

"मान्य. पण चिमणे कसं कळलं तुझ्या वायफायला?" ताई म्हणायची. "ते मला एकांतात तसं म्हणायचे. तुला तरी माहीत होतं का?"

नव्हतं. दादा वरून मलाच झापायचा, "दोन बुकं शिकलीस म्हणून फार शहाणी झालीस का? तिला जरा आधार मिळालाय, तर बघवत नाही तुला!" दादा इतक्या तळमळीनं बोलायचा की मलाच अपराध्यासारखं व्हायचं.

तर त्या दिवशीचं पान. दूतानं ते झोकात उचललं, डोळ्यांसमोर धरलं आणि त्याचा चेहराच पडला. पानावर एकही मराठी अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं होती, पण कशाचा कशाला मेळ नाही. पहिलाच शब्द होता fpe.ks आणि पुढेही तसलाच पसारा.

लोक कुजबुजायला लागले. पण गडी पक्का बनेल.

"शांत व्हा!" त्यानं पान कपाळाला लावलं. "आज आत्मा वरच्या पायरीवर गेला. ही परलोकाची लिपी आहे. मला वाचता येते. भाऊजी म्हणतात, 'मी सुखात आहे. दुकानाला पांढरा रंग द्या. सर्वांना आशीर्वाद.'"

लोकांनी पुन्हा हात जोडले. मला मात्र हसू आवरेना. मी सरळ पुढे जाऊन त्याच्या हातातून पान ओढून घेतलं.

"महाराज, ही लिपी मलाही येते. माझं अर्धं आयुष्य हिच्यात गेलंय."

"पोरी, पाप लागेल!"

"लागू दे. बसा तुम्ही."

मी आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसले आणि स्क्रीन लोकांकडे वळवली. मराठी टायपिंगचे जुने फॉन्ट ज्यांनी वापरलेत, त्यांना हे दुखणं पाठ आहे. फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना वरून मराठी रूप देतो. ज्या मशीनवर तो फॉन्ट नसतो, तिथे ती अक्षरं उघडी पडतात. लग्नपत्रिका असो नाहीतर कोर्टाचा अर्ज, सगळ्याचा असा चिवडा झालेला आम्ही पाहिलाय. जुना फॉन्ट लावून मी पानावरची अक्षरं जशीच्या तशी टाइप करत गेले. f, p, e, टिंब, k, s. स्क्रीनवर उमटलं: चिमणे.

मी मजकूर पुरा केला. 'चिमणे, दवाखान्यात जाऊ नकोस। गाठ आपोआप विरेल। दूत सांगतील तसं वाग।'

"पांढरा रंग कुठाय यात?" चष्मेवाल्या काकांनी चष्मा पुसत विचारलं. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"परलोकात आमचाच जुना फॉन्ट चालतो वाटतं!" मीही जोरात म्हणाले. आता मला चेव आला होता. मी माझ्या मोबाइलवर चार शब्द लिहिले आणि बटण दाबलं. केबल काढलेलीच होती, काळी कार्ट्रिज दूताच्या मुठीत होती. प्रिंटर खाकरला आणि पान आलं: 'मी जिवंत आहे, इथेच उभी आहे.' मग मी प्रिंटरचं झाकण उघडून दाखवलं. आत दुसरी कार्ट्रिज होती, रंगीत. काळी काढली की हे मशीन आतले तिन्ही रंग एकत्र करून काळपट रंग बनवतं. महाराज ज्याला दिव्य शाई म्हणायचे, ते हे मिश्रण.

लोक चिडले, ओरडायला लागले. दूत अर्ध्या ओढलेल्या शटरखालून वाकून केव्हा सटकला, कळलंसुद्धा नाही. मी जिंकल्याच्या आनंदात पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं आणि मजकूर नीट वाचला.

प्रत्येक वाक्याच्या शेवटी उभा दंड होता. हिंदीत देतात तसा. मराठीत आपण टिंब देतो. पण या फॉन्टमध्ये टिंब भलत्याच बटणावर आहे, आणि ते बटण एका माणसाला कधी सापडलंच नाही. त्याला टायपिंग मी शिकवलं होतं. "दंड काय देतोस? टिंब दे," म्हणून मी त्याच्यावर कितीदा ओरडले होते. आधीची पानं तो त्याच्या लॅपटॉपवरून, हाताशी वेळ ठेवून, नीट सुधारून पाठवत असणार. आज घाईत टाइप केलेली फाइल त्यानं तशीच नव्या मोबाइलवरून पाठवली, आणि मोबाइलमध्ये फॉन्ट नव्हता.

मी मागच्या भिंतीकडे पाहिलं. दादानं मोबाइल खिशात घातला होता.

माझी नजर कुठे गेली, ते ताईनं पाहिलं. ती उठली.

"दादा, तू?"

तो खिशातला मोबाइल चाचपत राहिला.

"चिमणे तुला कसं माहीत?"

"शेवटी मीच होतो ना त्यांच्या उशाशी," तो पुटपुटला. "ग्लानीत तुला हाक मारत होते."

"आणि ती हाक तू घेतलीस? वापरायला?"

"तुला बरं वाटायचं गं! हसायला लागली होतीस. लोक यायला लागले..."

"आणि गाठ?"

"दूत म्हणाले, साधीच असेल. तू दवाखान्यात गेलीस तर इथे बसणार कोण, म्हणाले."

ताईनं त्याच्या तोंडात मारली नाही. मारली असती तर बरं झालं असतं. ती मलाच म्हणाली, "शटर ओढ." मग खाली बसून ढसाढसा रडली. भाऊजी गेले तेव्हाही ती इतकी रडली नव्हती, आणि त्या रडण्याला मीही कारण होते, हे मला आजही खुपतं.

ऑपरेशन झालं. पण नुसत्या गाठीवर भागलं नाही, स्तनच काढावा लागला. डॉक्टरीणबाई चिडूनच म्हणाल्या, "आधी आला असतात तर एवढं कापावं लागलं नसतं. कुणी थांबवलं तुम्हाला? कुण्या बुवा-बाबानं?"

"नाही हो," ताई म्हणाली. "माझ्या भावानं."

दादा दाराबाहेर पिशवी घेऊन उभा होता. त्यानं ते ऐकलं. आत ये, असं आम्ही दोघीही म्हणालो नाही.

म्हणून सांगते, राग आला तरी चालेल. तुमच्या मनातलं कुणी अचूक सांगितलं, तर आधी हात जोडू नका. हे याला कुणी सांगितलं, ते शोधा. आपल्या घरातच शोधा, कितीही जड गेलं तरी. आणि दुखणं असेल तर चमत्काराची वाट न बघता डॉक्टरकडे जा. गेलेलं माणूस तुमच्याशी खरंच बोलू शकलं असतं, तर त्यानंही हेच सांगितलं असतं.