शेपूटताईची जागा

“मागे वळून बघू नकोस. मागे मी आहे. तू फक्त पाय मारत राहा.”

हा आवाज चष्मेवालीने इअरफोनमधून पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती घराच्या मधल्या खोलीत, कपाट आणि इस्त्रीचं टेबल यांच्यामधल्या अरुंद जागेत, जागच्या जागी सायकल चालवत होती आणि रडत होती. समोरच्या पडद्यावर सगळे जण पुढे निघून गेले होते. चढाच्या रस्त्यावर तिची एकटीची बाहुली उरली होती, आणि ती बाहुलीही बिचारी डुलत डुलत चालली होती.

तिचं हे नाव दुकानातून आलेलं. चष्म्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती काचा फ्रेमच्या मापाने घासायची आणि बसवायची. दुखण्यातून उठल्यावर डॉक्टरांनी व्यायाम करा म्हटलं, पण इतक्यात रस्त्यावर सायकल नको, पडाल, असंही बजावलं. तेव्हा नणंद मदतीला धावली. तिने कधीकाळी मोठ्या हौसेने ट्रेनर नावाचं यंत्र घेतलं होतं. सायकलचं मागचं चाक काढून ती या यंत्रावर बसवायची, म्हणजे चाक नसतानाही रस्ता सुरू होतो. पडद्यावर चढ आला की यंत्र पायाला अडवतं, उतार आला की सोडून देतं. नणंदेने ते आणून दिलं आणि म्हणाली, “घेऊन टाक वहिनी. माझ्याकडे त्याच्यावर टॉवेल वाळतात.”

पडद्यावर रस्ता दाखवणाऱ्या ॲपमध्ये उंची भरायची, वजन भरायचं, नाव टाकायचं. ते सगळं पहिल्या दिवशी तिने घाईघाईत भरून टाकलं. नावाच्या जागी तिने ‘चष्मेवाली’ टाकलं, आणि रविवारच्या एका बायकांच्या गटात जाऊन बसली.

त्या गटाची एक रीत होती. सर्वांत पुढे एक जण वेग धरून चालायची, आणि सर्वांत मागे एक जण मुद्दाम राहायची. जी मागे पडेल तिच्यासाठी थांबायचं, तिला आपल्या आडोशाला घ्यायचं आणि शेवटपर्यंत आणून सोडायचं, हे मागचीचं काम. पडद्यावरच्या रस्त्यावरही कुणाच्या पाठीशी राहिलं की वारा कमी लागतो, पाय हलके पडतात. हे काम करणारी बाई दूरच्या कुठल्याशा गावात कपडे धुण्याचा कारखाना चालवायची. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे पडदे तिच्याकडे यायचे. ती बोलायला लागली की तिच्या मागे धुलाईयंत्रांची घरघर ऐकू यायची. तिने स्वतःचं नाव ‘शेपूट’ ठेवलं होतं. सगळ्या जणी तिला शेपूटताई म्हणायच्या, आणि ती म्हणायची, “शेपटाशिवाय जनावराला तोल नसतो गं, हसू नका.”

त्या पहिल्या रविवारी शेपूटताईने चष्मेवालीला अक्षरशः ओढत शेवटपर्यंत नेलं. वाटेत तिने दुखण्याचं विचारलं नाही, धीर धर वगैरेही म्हटलं नाही. चादरीवरचे आंब्याचे डाग कसे काढायचे ते सांगत राहिली. शेवटची रेघ ओलांडल्यावर चष्मेवालीने हँडलवर डोकं टेकवलं आणि मनातल्या मनात देवाचे आभार मानले. किती तरी महिन्यांनी तिने मागण्याऐवजी आभार मानले होते.

तेव्हापासून रोज थोडे तरी पाय मारायचे हा तिने नेम धरला. सकाळी दिवा लावून झाला की सायकलवर. अंगात ताकद येत गेली. सपाट रस्त्यावर ती आता मधल्या घोळक्यात सहज टिकायची. पण चढ आला की तिचं सगळं अवसान गळायचं आणि शेपूटताईचीच सोबत उरायची.

एकदा अशाच चढावर शेपूटताई तिचे आकडे बघत चालली होती. मग म्हणाली, “मला एक सांग. तुझ्या पायाच्या जोराचे आकडे मला दिसतात. त्या जोरात तू माझ्या पुढे जायला हवीस. सपाटीवर हरणासारखी पळतेस आणि चढावर पोतं ओढल्यासारखी. वजन किती भरलंयस? जेवढं भरशील तेवढं ओझं ॲप चढावर ओढायला लावतं.”

चष्मेवालीने आकडा सांगितला. अडुसष्ट.

“हे कधीचं?”

ते वजन दुखण्याच्या आधीचं होतं. मनात तोच आकडा घट्ट बसला होता, तोच बोटांनी भरला. “आणि आत्ता किती आहे?” यावर ती म्हणाली, माहीत नाही. ते खरंच होतं.

तिचं दुखणं आलं होतं तेच वजन उतरण्याच्या वाटेने. काही न करता ती बारीक होत गेली तेव्हा दुकानातल्या मुली कौतुकाने विचारायच्या, काय खाता हो तुम्ही. तिलाही गुदगुल्या व्हायच्या. मग तपासण्या झाल्या, आणि त्या कौतुकाचा अर्थ कळला. दवाखान्यात सर्वांत वाईट दिवसांत तिने काट्यावर एक्कावन्न पाहिलं, त्यानंतर पुन्हा काट्याकडे पाहिलंच नाही. तपासणीला गेली की ती पाठमोरी उभी राहायची आणि नर्सला आधीच सांगायची, सांगू नका हं. डॉक्टर म्हणायचे, सगळं छान चाललंय. तिला ते पटायचं, पण भीतीला पटायचं नाही. घरातला वजनकाटा तिने स्वतःच्या हाताने पलंगाखाली पार भिंतीपर्यंत ढकलून दिला होता. कपडेही नाडीचेच वापरायची, म्हणजे सैल-घट्ट कळायची भानगड नको.

शेपूटताई हसली नाही. एवढंच म्हणाली, “इथे बायका चढावर पळता यावं म्हणून वजन चोरतात, आणि तू नसलेलं ओझं वाहतेस. धन्य आहे तुझी.”

गोष्ट तिथेच थांबली असती. पण पुढच्याच महिन्यात गटांची स्पर्धा आली. चौघींचा संघ, सगळा रस्ता चढाचा, आणि चौघींच्या वेळा एकत्र धरायच्या. एक जरी कमी पडली तरी संघ बाद. चौथी म्हणून शेपूटताई जायची, पण तिचा गुडघा आता जोर सोसत नव्हता, त्याचं ऑपरेशन ठरलं होतं. तिने आपल्या जागी चष्मेवालीचं नाव दिलं. संघाची कप्तानबाई पोस्टात काम करायची, नियमाला पक्की. तिने नियम कळवले. त्यात एक होता: वजन चोरणाऱ्यांमुळे प्रत्येकीने काट्यावर उभं राहून व्हिडिओ पाठवायचा, चेहरा आणि आकडा दोन्ही दिसले पाहिजेत.

चष्मेवालीने शेपूटताईला फोन केला. दुसरी कुणी बघा म्हणाली, दुकानात काम फार आहे म्हणाली, आणि मग खरं काय ते बोलली. ज्या काट्याने एकदा असं सांगितलं, त्याने पुन्हा तसंच काही सांगितलं तर मी काय करू?

पलीकडे यंत्र घरघरत होतं. शेपूटताईने ते बंद केलं असावं, कारण एकदम शांत झालं.

“आमच्याकडे आलेला प्रत्येक गठ्ठा आधी काट्यावर चढतो, बाई. काटा गठ्ठ्याला हलका करत नाही की जड करत नाही. आहे तेवढं सांगतो. ते कळल्याशिवाय मी त्याला पाणी किती द्यायचं, साबण किती द्यायचा, काहीच ठरवू शकत नाही.” मग म्हणाली, “जा किंवा नको जाऊस स्पर्धेला. मी रागावणार नाही. फक्त एक वचन दे मला. मी गुडघा घेऊन पडेन तेव्हा माझी जागा रिकामी ठेवू नकोस. कुणी ना कुणी मागे पडतंच.”

चष्मेवाली हो म्हणाली. ते सोपं होतं. फोन ठेवल्यावर मात्र तिला दुकानातलं एक गिऱ्हाईक आठवलं. जुन्या नंबरचा चष्मा लावून वर्षानुवर्षं फिरणारे ते आजोबा म्हणायचे, माझी नजरच गेली हो. नवी काच बसवून दिली तेव्हा दुकानाबाहेरची पाटी वाचत किती वेळ उभे राहिले होते.

तिने नवऱ्याला हाक मारली. तो पालथा पडून पलंगाखाली शिरला आणि काटा ओढून बाहेर काढला. त्यावर धुळीचा थर होता. पुसला, फरशीवर ठेवला, फोन घेऊन समोर उभा राहिला. ती देवाचं नाव घेऊन, डोळे मिटून, काट्यावर चढली.

तो काही बोलेना.

तिने मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, “किती?” तरी बोलेना. इतका वाईट असेल आकडा की याला सांगवतही नाही.

“अगं,” तो अगदी ओशाळून म्हणाला, “हा चालूच होत नाहीये. सेल गेलेत.”

तिने डोळे उघडले. त्याचं ते कोकरासारखं तोंड बघून तिला हसू फुटलं, आणि फुटलं ते आवरेना. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बसेना, शेवटी रिमोटमधले बसले. या धावपळीत भीती कुठल्या कुठे मागे पडली, आणि दुसऱ्यांदा काट्यावर चढताना तिचे डोळे उघडेच राहिले.

एकोणसाठ.

ती खाली उतरली, पुन्हा चढली. एकोणसाठ. नवऱ्याला चढायला लावून काटा बरोबर आहे ना ते पाहिलं. तो म्हणाला, दुर्दैवाने बरोबर आहे. पुन्हा स्वतः चढली. म्हणजे त्या एक्कावन्नच्या दिवसापासून तिचं अंग रोज गुपचूप भरत होतं. तिने त्याच्याकडे पाठ फिरवली होती तरी ते रागावलं नव्हतं. पोटात गेलेला घासन् घास त्याने जपून ठेवला होता. ती तिथेच, काट्याशेजारी फरशीवर बसली आणि हात जोडले. व्हिडिओ बंद करायचं विसरून नवराही तिच्याजवळ खाली बसला.

स्पर्धेच्या दिवशी चढ तोच होता, पाय तेच होते, पण ॲपमध्ये एकोणसाठ भरल्यावर वाहत आणलेलं ते नसलेलं ओझं उतरलं होतं. तिची बाहुली डुलली नाही. धाप लागली, घाम नाकावरून टपटपत खालच्या टॉवेलवर पडला, नणंद दारात उभी राहून म्हणाली की एवढे पाय मारून वहिनी अजून इथेच कशी, पण कानातला शेपूटताईचा आवाज आज मागून नव्हे, खुर्चीत बसून बोलत होता: चल, चल, चल. त्यांचा संघ जिंकला नाही, चौथा आला. पण चौघीही पोचल्या, आणि चौघींत चष्मेवाली शेवटची नव्हती. शेवटची कप्तानबाई होती. तिने ते नियमाप्रमाणे मान्य केलं.

संध्याकाळी चष्मेवालीने शेपूटताईला फोन केला. सांगायचं खूप होतं, पण ती एवढंच म्हणाली, “ताई, तुमचं देणं कसं फेडू?”

“फेडू नकोस,” शेपूटताई म्हणाली. “पुढे दे.”

ऑपरेशन नीट पार पडल्याचा निरोप शनिवारी आला. रविवारी सकाळी दिवा लावून चष्मेवालीने पंखा सरकवला, बाटली भरली, टॉवेल अंथरला. कप्तानबाईचा संदेश आलेला होता: आता तुझे आकडे चांगले आहेत, आज पुढच्या घोळक्यात माझ्याबरोबर ये, जागा ठेवली आहे. ती जागा मिळावी म्हणून एके काळी तिने काय काय दिलं असतं. तिने आभार मानले आणि लिहिलं, पुढच्या खेपेला नक्की.

घोळका सुटला. ओळखीची नावं एकेक करत तिच्या बाजूने पुढे गेली. कुणी हात केला, कुणी गाडी बिघडली का म्हणून विचारलं. ती पाय हलकेच फिरवत राहिली. सर्वांत शेवटी एक नवीन नाव आलं, अजून नीट सरळही चालत नव्हतं, आणि पहिल्याच लहानशा चढाला थबकायला लागलं.

चष्मेवालीने कपाळावरचे केस मागे सारले, माईक चालू केला आणि त्या नावाच्या मागे जाऊन लागली.