तीनशे सतरा

पाटीवरचं शून्य गिरधरनं बोटानं पुसलं, तरी पुसल्या जागेचा ओलसर काळा ठिपका शून्यासारखाच दिसत राहिला... तीनशे सतरानं भाग जातो. पूर्ण जातो.

संध्याकाळच्या भाषणात दाखवायला म्हणून त्यानं सहज एक भागाकार मांडला होता.

त्याची ती संख्या अशी होती. दोनपासून तेवीसपर्यंतच्या साऱ्या मूळसंख्यांचा गुणाकार करावा, त्यात एक मिळवावा : बावीस कोटी तीस लाख ब्याण्णव हजार आठशे एकाहत्तर. यांतल्या कुठल्याही संख्येनं भागलं तरी एक उरतोच — त्या उरणाऱ्या एकावर त्याचा जीव जडला होता. कुणातच न मिसळणारा, माझ्यासारखा... पुढे कित्येक महिने तेवीसहून मोठ्या मूळसंख्यांनी भागून पाहताना हात चालत होता, पण मन निकाल आधीच देऊन बसलं होतं. आणि मग त्यानं आपल्या कॉलेजात सांगून टाकलं, हिला कुणीच भागत नाही. धुळ्याच्या व्यापाऱ्यांनी आज संध्याकाळी सत्कार ठरवला. काल त्यांच्यातले पुखराजशेठ स्वतः आमंत्रण द्यायला आले, पाटीकडे पाहून म्हणाले, "मास्तर, एवढ्या मोठ्या आकड्याला एकही भागीदार नाही? आमच्या पेढीचं नशीब असं कुठलं!" तो हसला होता. ते हसू आता तोंडात कडू होऊन आलं.

दारात चपला वाजल्या. पारोळ्याच्या गाडीनं त्याची आई शेवंताबाई आली होती, नव्या लुगड्यात, घामेजलेली.

"इतला मोठा मास्तर व्हई गया, तरी पाटीच?" शेवंताबाईंनी पिशवी टेकवली. "बठ्ठी गल्लीम्हा साखर वाटी उनू मी. सांगं, मना पोऱ्याना आकडा कोन्हाकडथीन तुटत नई."

साखर... त्याचे कान तापले. सभेत उभं राहून सांगणं एकवेळ जमेल, पण त्या गल्लीतल्या जिभांवर विरघळून गेलेली साखर परत कशी मागायची?

"माय, तो तुटी गया."

"कोनी तोडा?"

"मीच. आते."

ती मग पदरानं मान पुसत म्हणाली, "मंग घरनाच मानुसनी तोडा. लाज कसानी?"

ती पाणी प्यायला आत गेली. आपली लाज तिला कळलीच नाही, की कळून तिनं ती अशी बाजूला सारली... संध्याकाळी त्या सत्काराच्या शालीसमोर नेमकं हेच बोलायचं का, की आजारी असल्याचा निरोप धाडायचा? खाली पाहिलं तर भागाकार पाटीवर तसाच होता : सात लाख तीन हजार सातशे त्रेसष्ट. तीननं जात नाही. सातनं... चार उरतात. हिला तरी कुणी भागत असेल का? — पेन्सिल केव्हा उचलली, हे त्याला कळलं नाही. छातीत एक कोवळा, चोरटा आनंद हलला, आणि त्या आनंदाची त्याला आणखीच लाज वाटली.