उष्णता कोणाला हवी?

कृष्णात विज्ञानाचा मास्तर. आपल्याला विज्ञान कळतं, असा त्याचा पंधरा वर्षांचा समज होता. तो फुगा एका रविवारी फुटला, आणि फोडणारा दुसरा कुणी नव्हता, तो स्वतःच.

त्या रविवारी पेठेतल्या वाचनालयात वादविवाद होता. जास्त वीज खाणारे पिवळे बल्ब सरकारनं नियम करून बंद करावेत की नाही, हा विषय. कृष्णात नियमाच्या बाजूनं बोलणार होता. लोकांना ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, असं कुणी म्हणायला नको, म्हणून सकाळी उठून त्यानं घरातला प्रत्येक पिवळा बल्ब काढून एलईडी बसवला. एकही सोडला नाही. पडवीतल्या खोक्यावरचासुद्धा.

खोक्यात आत्तीची नऊ पिल्लं होती, चार दिवसांची. कोंबडी मुंगसानं नेलेली. आई गेल्यापासून कृष्णातला वाढवलं ते या बयाबाई आत्तीनंच, आणि ती पहाटे जयसिंगपूरला भाचीकडं गेली होती. जाताना म्हणाली होती, "सांजच्या गाडीनं येतो. पिल्लं तुझ्या जिवावर टाकून चाललोय, बघ."

सभेत कृष्णात बोलला मात्र झकास. "हा बल्ब नव्वद टक्के वीज नुसत्या उष्णतेत घालवतो! मी विचारतो, उष्णता कोणाला हवी?" टाळ्या पडल्या. मग त्यानं पिशवीतले सगळे बल्ब टेबलाखालच्या घमेल्यात ओतून खळ्ळकन फोडले. आणखी टाळ्या. विरोधात बोलणारा उदयसिंह, स्टँडजवळचा इलेक्ट्रिक दुकानदार, "माझ्या घरात कुठला दिवा लावायचा ते सरकार कोण सांगणार?" एवढं म्हणून खाली बसला. बक्षिसाची ढाल कृष्णातला मिळाली.

श्रावणाची झड लागली होती. ढाल काखेत मारून तो चार वाजता घरी आला, तर पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून बसलेली. उजेड असा लख्ख, की सुई पडली तर दिसावी. ऊब नावाला नाही. एक पिल्लू बाजूला मान टाकून पडलं होतं. आठवीच्या पोरालाही कळली असती अशी गोष्ट, आणि हा शहाणा ढाल घेऊन आलेला.

आठ पिल्लांवर त्यानं घोंगडं टाकलं, नववं शर्टाच्या खिशात छातीशी धरलं आणि बाहेर पडला. चार दुकानं फिरला. "पिवळा? आता कोण ठेवतंय, मास्तर?" राहिलं पाचवं, उदयसिंहाचं. नाक मुठीत धरून तो पायरी चढला.

"शंभरचा एक पिवळा द्या."

"तुम्हाला? कशाला वो?"

"देवघरात लावायला."

खिशातून आवाज आला, चिव.

उदयसिंह काउंटरवर ओणवा झाला. "देव बोलाया लागला की, मास्तर."

कृष्णातनं खिसा उघडून दाखवला. लाज वाटली, पण पिल्लू बोललं याचा आनंद लाजेहून मोठा होता. "सभेत विचारलं होतं ना, उष्णता कोणाला हवी? मला हवी. द्या लवकर."

उदयसिंहनं खालच्या खोक्यातून दोन बल्ब काढले. तेवढ्यात कृष्णातचं लक्ष वर गेलं. दुकानभर एलईडीच्या पट्ट्या पेटलेल्या.

"बिल परवडत न्हाय वो," उदयसिंह नजर चुकवत म्हणाला. "तुमचा नियम काय वंगाळ न्हाय. पर करायच्या आधी कोंबडीला तर विचारा."

आत्ती आली तेव्हा नऊच्या नऊ पिल्लं पिवळ्या उजेडात पांगून कण्या टिपत होती. तिनं दोनदा मोजली. मग ढालीकडं बोट केलं. "ह्ये कशाचं?"

कृष्णातनं काहीही न लपवता सगळं सांगितलं. ती हसेल असं त्याला वाटलं. ती हसली नाही.

"सातव्या म्हैन्यात झालतास तू," ती म्हणाली. "एवढास्सा. दवाखान्यात काचंची पेटी न्हवती. टोपलीत कापूस घातला, वर असला बल्ब टांगला, आन् मी न् तुझी आई पंधरा दिस आळीपाळीनं जागलो. उष्णता कोणाला हवी म्हनं."

आत्तीनं ढाल उचलली, वारं येत होतं त्या बाजूनं खोक्याला टेकवली आणि चहा टाकायला आत गेली.