पोवळ्याचा शनिवार

माघातली सकाळ हळदीच्या पावलांनी उतरत होती. पांढऱ्या कांद्याच्या वाफ्यांवरून, वालाच्या कोवळ्या वेलांवरून, मोहोराने मातलेल्या आंब्यांच्या शेंड्यांवरून ती उतरत होती. आणि खाली, अलिबागेच्या उत्तरेला, टेकडी आणि समुद्राच्या चिमटीत बसलेलं ते चिमुकलं गाव अंगभर ऊन माखून घेत होतं.

समुद्र त्या सकाळी निळा नव्हता, रुपेरीही नव्हता. तेलासारखा होता तो. संथ, जड, सुवर्णस्निग्ध. जणू रात्रभर कुणी क्षितिजाच्या घाण्यात चांदणं गाळलं होतं.

आणि वाकरूळकरांच्या परसात एक वर्तुळ होतं.

साधं, मातीचं, बैलाच्या खुरांनी कोरलेलं वर्तुळ. घाणा कधीच गेला, बैल गेला, बैलाला हाकणारे हात गेले. वर्तुळ राहिलं. श्रावणात सगळं परस हिरवंगार होई, पण त्या कड्यावर गवत म्हणून उगवत नसे. पिढ्यान् पिढ्यांच्या पावलांनी दाबलेली माती, तिला हिरवं व्हायला वेळच मिळाला नव्हता!

वाकरूळकर म्हणजे बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. गावच्या जुन्या बोलीत शनिवार-तेली. सहा दिवस त्यांचा घाणा कुरकुरायचा आणि सातव्या दिवशी, शनिवारी, तो गप्प व्हायचा. शब्बाथचा दिवस, विसाव्याचा दिवस. शेकडो वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर एक गलबत फुटलं म्हणतात. मूठभर माणसं पोहत काठाला लागली आणि त्यांची पोथ्या-पुस्तकं समुद्राने गिळली. सगळं बुडालं. उरला तो शनिवार, आणि उरली एकच प्रार्थना, ‘ऐक’ या शब्दाने सुरू होणारी. बाळ जन्मलं, ऐक. लग्न लागलं, ऐक. माणूस गेलं, ऐक. एका शब्दाच्या होडग्यात बसून एका आख्ख्या जमातीने शतकांचा सागर ओलांडला.

याच घरात मल्का राहत होती. पंधरा वर्षांची, नववीतली, गुडघ्यावर खो-खोची खरचटलेली पदकं मिरवणारी. यंदा शाळेच्या स्नेहसंमेलनात तिने एकटीने निवेदन केलं होतं, आणि तेव्हापासून तिचा आवाज घरातही माइकवरचाच होता.

पण त्या सकाळी तो आवाज ओसरीवर अडखळला.

कारण आज झाडांचा सण होता. आज संध्याकाळी आसपासच्या गावांतले उरलेसुरले बेने इस्राएल टेकडीवरच्या खडकाशी जमणार होते. त्या काळ्या कातळावर घोड्याच्या टापांसारख्या खुणा आहेत. एलियाहू हन्नाबी, अग्निरथातून स्वर्गी गेलेला तो संदेष्टा, जाताना इथे टेकून गेला, असं त्यांची माणसं मानतात. त्या खडकापुढे दर वर्षी मलिद्याचं ताट मांडायचं. गोड पोहे, खोवलेला नारळ, वेलची, पाच फळं, गुलाब आणि सुगंधाच्या आशीर्वादासाठी सब्जाची हिरवी डहाळी. ताट वाकरूळकरांच्या घरचं. मल्काच्या आईमागे ते मल्काचं.

आणि कितीतरी वर्षांनी इस्रायलमधल्या अश्दोदहून माहेरी आलेली रिव्काआत्या म्हणाली, “यंदा ताट नको.”

समोर तिची उघडी बॅग होती आणि बॅगेत खजुराची चकचकीत पाकिटं. “प्रार्थना म्हणा, हे वाटा, घरी या. पोहे, नारळ, फुलं... पुस्तकात कुठे आहे हे? दाखव ना मला, मल्का. सगळं शेजारपाजारचं उचललेलं गं.”

“उचललं तर उचललं! छान लागतं,” मल्का म्हणाली.

“छान लागतं म्हणे! तिकडे माझ्या लग्नात धर्मगुरूंनी मला विचारलं, तुझ्या आईच्या आईच्या आईचं नाव सांग. सांगितलं. मग म्हणाले, ज्यू असल्याचा पुरावा? भर मांडवाच्या तोंडावर. हातात हिरवा चुडा होता माझ्या. तो बघून एक बाई हसली.” आत्याचं मनगट आपोआप बाहीआड गेलं. “तेव्हापासून मी पोह्यांचं नावही काढत नाही.”

मल्काने पप्पांकडे पाहिलं. पप्पांनी वर्तमानपत्राकडे. “रिव्का म्हणते त्यातही तथ्य आहे,” ते पुटपुटले. “यंदा राहू दे.”

यंदा राहू दे! केवढासा शब्द, आणि केवढं खोल त्याचं पाणी! गावात त्यांची घरं उरली होती बोटांवर मोजावीत इतकी. यंदा ताट नाही मांडलं तर पुढल्या माघात कुणाला आठवणार, पोहे किती, गूळ की साखर, डहाळी कुठल्या हाती धरायची? गलबतं काय फक्त वादळात फुटतात? ओसरीवरच्या मऊ उन्हात, चहाच्या कपाशेजारी, ‘राहू दे’ म्हणतानासुद्धा फुटतात.

“मग मी कोण गं, आत्या?” मल्काचा आवाज आता माइकवरचा नव्हता. “पोहे काढले, नारळ काढला, मराठी काढली, तर मी म्हणून काय उरतं?”

“उरतं तेच खरं,” आत्या म्हणाली. मऊपणाने म्हणाली, म्हणून जास्त लागलं.

मल्का उठली. फळीवरची पितळी परात तिने काढली आणि ओसरीच्या मधोमध ठेवली. खणकन!

“ताट मी मांडणार. एकटी गेले तरी जाणार.”

“सब्जा कुठून आणशील?” आत्याने खिडकीकडे बोट केलं. “कुंडी तर वाळलीय तुमची.”

खरंच वाळली होती. संमेलनाच्या तालमींत मल्का पाणी घालायचं विसरली होती. उन्हात उभी ती करडी काडी तिच्याकडे बघत होती, आणि मल्काच्या डोळ्यांत एकदम काहीतरी चुरचुरलं. पण चपला पायांत सरकल्या होत्या. पायांना डोळ्यांची वाट बघायची सवय नव्हती.

ऊन चढलं होतं. वाडीवाडीतून मोहोराचा आंबट-गोड दर्प वाहत होता, ताडांच्या सावल्या लांब पट्ट्यांनी रस्ता मोजत होत्या. रसाळांच्या गिरणीवर तीळ गाळणं चालू होतं. रसाळ हिंदू तेली, आठ पिढ्यांचे शेजारी. दारात द्वारकाकाकू, कोपरापर्यंत तेलकट, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

“काकू, सब्जा आहे?”

“आहे म्हणजे? तुळशीमागे बघ की. आम्हाला कशाला गं लागतो सब्जा? तुमच्याच ताटाला लावतो दर वर्षी. सासूबाई दम देऊन गेल्यात.” मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “तोंड का सुकलंय, बाय?”

मल्काने सांगितलं. भडाभडा सांगितलं. पोहे, पुस्तक, पुरावा, सगळं. यंत्राची घरघर चालू होती, काकू ऐकत होत्या आणि ऐकता ऐकता हसायला लागल्या.

“मग पोवळ्याला विचारायला हवं होतं तुझ्या आत्यानं!”

पोवळ्या! मल्काच्या पणजोबांचा शेवटचा बैल. प्रवाळवर्णी, पुष्टस्कंध, डोळ्यांवर झापडं लावून आयुष्यभर परसातल्या त्या वर्तुळात चालणारा. गावात यंत्र आलं, पणजोबांनी घाणा मोडला आणि पोवळ्या रसाळांना विकला. रविवारी त्याला नव्या घाण्याला जुंपलं. चालला. सोमवारी चालला, मंगळवारी चालला, आठवडाभर मुकाट चालला.

“आणि शनिवारी उभा!” काकूंनी हात कंबरेवर ठेवून बैल होऊन दाखवलं. “गूळ दिला, शेपटी पिळली, आजेसासऱ्यांनी चाबूक काढला. ढिम्म! तळहाताएवढीही जागा सोडीना. रविवारी उजाडलं, आपला चालायला लागला. पुढल्या शनिवारी पुन्हा तेच. शेवटी आजेसासरे म्हणाले, त्याच्या धर्मात मोडता घालणारे आपण कोण? शनिवारी घाणा बंद! पोवळ्या मेला, दुसरा बैल आला, तरी बंद. आता ही गिरणी आली, तरी शनिवारी शटर खाली. गावाला वाटतं, मारुतीचा वार पाळतात.” त्यांनी डोळे मिचकावले. “आमचा मारुती तुमच्या घरून आलाय, बाय. चार पायांवर चालत.”

मल्का तुळशीमागे गेली.

तिने सब्जाची डहाळी खुडली. हिरवी, जांभळ्या मंजिऱ्यांची, बोटांना तीव्र मधुर वास लावणारी. आणि ती पळाली. वालाच्या वेलांमधून, कांद्याच्या शुभ्र राशींमधून, वाऱ्याला खांदा देत, डहाळी पताकेसारखी उंच धरून ती पळाली. मागे मोहोर उधळला, वर बगळे उधळले, आणि तिच्या छातीत एक तांबडा बैल ठाम पाय रोवून उभा राहिला.

“आत्या!” ओसरीवर येऊन धापा टाकत तिने सगळी गोष्ट सांगितली. पप्पांचं वर्तमानपत्र हळूहळू मांडीवर उतरलं. आणि शेवटी ती म्हणाली, “पोवळ्यानं कुठलं पुस्तक वाचलं होतं गं? त्याला कुणी पुरावा मागितला होता? पाय चालले, पाय थांबले. तेवढंच त्याला येत होतं. आणि तेवढ्यावर शेजारचं आख्खं घर शब्बाथ पाळतंय! आपण त्यांचे पोहे घेतले, त्यांनी आपला शनिवार घेतला. यात लाजायचं काय आहे?”

आत्याचे डोळे परसाकडे गेले, गवत न उगवणाऱ्या त्या कड्याकडे, आणि तिथेच थांबले.

मल्का स्वयंपाकघरात गेली. तिने परातीत पोहे ओतले आणि आवेशाच्या भरात त्यावर तांब्याभर पाणी ओतून दिलं.

“अगं, अगं, लगदा होईल!” आत्या धावत आत आली. “मलिद्याचे पोहे भिजवतात होय असे? नुसते धुवायचे, लगेच निथळायचे! सरक तिकडे. एवढी भाषणं करतेस, आणि पोहे...”

बाह्या मागे सरल्या. भिजलेला लगदा पातेल्यात गेला, डब्यात उरलेले पोहे चाळणीत आले, निथळले, परातीत पसरले. नारळाचा कीस पडला, साखर पडली. वेलची वाटीच्या बुडाने ठेचली गेली, अगदी आजी ठेचायची तशी. आणि आत्याचा हात फिरू लागला. परातीच्या काठाकाठाने, संथ, गोल, न बघता. अश्दोदच्या इतक्या वर्षांनी त्या हातातलं काहीही पुसलं नव्हतं. हात फिरत होता, घाणा फिरायचा तसा. बोटं चालत होती, खूर चालायचे तसे. वर्तुळामागून वर्तुळ, वर्तुळामागून वर्तुळ.

मल्काच्या जिभेवर एक फटकळ वाक्य आलं होतं. तिने ते गिळलं. पाच फळं धुऊन तिने आत्यासमोर ठेवली.

“साखर कमी आहे,” चव घेऊन आत्या म्हणाली. तिचा आवाज ओला होता. “आई जास्त घालायची.”

सूर्य कलला तेव्हा टेकडीवर माणसं जमली. थोडीच, पण जमली. काळ्या कातळावर पितळी परात आणि परातीवर केशरी ऊन. बायकांनी संदेष्ट्याचं नाव मराठी चालीत आळवलं. मल्काने डहाळी वर धरली, पप्पांनी सुगंधाचा आशीर्वाद म्हटला, आणि मग तो जुना, एकुलता, बुडून न बुडालेला शब्द उच्चारला, ‘ऐक’. वारा थांबला. समुद्र थांबला. कडेला डोक्यावर पदर घेऊन उभ्या द्वारकाकाकूंनीही मान झुकवली.

डहाळी हातोहात फिरली. आत्यापाशी आली तेव्हा तिने ती नाकाशी धरली. धरूनच ठेवली. पुढच्या माणसाला वाट बघावी लागली, आणि कुणीही घाई केली नाही.

ओंजळीओंजळीने मलिदा वाटला गेला. खजूरही वाटला गेला. दोन्ही गोडच होते.

घरी परतताना पूर्वेला पौर्णिमा उगवली. वाकरूळकरांच्या परसात चांदण्याचं दूध सांडलं आणि मातीचं ते कडं उजळून निघालं. मल्काने चपला काढल्या. अनवाणी पाऊल तिने वर्तुळात ठेवलं, आणि ती चालू लागली. मागे एक चाहूल आली. आत्याची पावलं, जरा जड, जरा अडखळती, पण त्याच वाटेची.

खाली परातीसारखी पृथ्वी, वर परातीसारखा चंद्र. आणि आकाशाच्या निळ्या घाण्याभोवती, डोळ्यांवर झापड नसलेला, प्रवाळवर्णी, पुष्टस्कंध, कुणीतरी चालत होता, चालत होता, शनिवारपर्यंत चालत होता.