सात नंबरची मासोळी

माझ्या साठीला मला काय हवं, असं रघूने विचारलं आणि माझं उत्तर ऐकायच्या आतच जाहीर केलं, "मी स्वतः पकडलेला मासा. तळून. याच घरात."

मी हातातली चकली खाली ठेवली. रघुनंदन म्हणजे विजापूरकडचा देशस्थ, अंडं घातलेला केकसुद्धा चोरी केल्यासारखा खाणारा. मी अहल्या, कारवारची, बांगड्या-इस्वणावर वाढलेली. विमानांच्या एका सरकारी प्रयोगशाळेत आमचं जमलं, तेव्हा सासूबाईंनी एकच अट घातली होती: घरात मासळी शिजायची नाही. मी हो म्हटलं आणि पस्तीस वर्षं पाळलं. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली, पण सवय कुठे जाते?

"बाजारातून आण की," मी म्हटलं.

"विकत कुणीही आणेल. तू माझ्यासाठी सोडलास ना तो घास? मग मीच आणायला हवा."

तो असं काही बोलला की माझं भांडण तिथल्या तिथे विरघळतं. फार राग येतो मला त्याचा.

गळाला जिवंत गांडूळ लावणं त्याच्याच्याने होईना, म्हणून लाकडाची नकली मासोळी करायचं ठरलं. पाण्यातून ओढली की ती डोलायला हवी, म्हणजे खरे मासे फसतात. जुन्या मॉडेल विमानातलं बाल्साचं हलकं लाकूड, पुढे कोल्ड क्रीमच्या झाकणाची जीभ, वर माझं नेलपॉलिश. ड्रॉइंग अर्थात माझं. जन्मभर तेच तर केलं. चाचणी सकाळी सहाला, येलहंकातल्या आमच्या सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये. रघू तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, धरून काठाने चालायचा आणि मी वही घेऊन मागे.

"सार, इल्ली मीनू इल्ला!" वॉचमन कळवळून सांगायचा. इथे मासे नाहीत, हे आम्हाला कुणीतरी सांगायलाच हवं असं त्याला वाटत असावं.

एक नंबर बुडाली. तीन नंबर उताणी पोहली. सात नंबर मात्र अशी ठुमकत निघाली की रघूने तिथेच टाळ्या वाजवल्या. मग प्रयोगशाळेच्या शिस्तीने चौदा कलमांची चेकलिस्ट झाली, चौदाही खुणा झाल्या.

वाढदिवसाच्या सकाळी आम्ही दयानंदच्या शेततळ्यावर पोचलो. हा आमच्या वर्कशॉपमधला जुना कारागीर, बेळगावकडचा. तळ्यात जिलेबी मासे, म्हणजे तिलापिया, बुजबुजलेले. रघूने मासोळी फेकली, ओढली. हिसका बसला! पुन्हा फेकली, पुन्हा हिसका. तासभर नुसते हिसके, हाती काही नाही. रघूचा चेहरा एवढासा झाला. मला मासा नको होता आता, त्याचा चेहरा परत हवा होता.

दयानंदने तंगूस ओढून मासोळी हातात घेतली, उलटीपालटी केली.

"सर, ह्याला गळ कुठं हाय?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. चाचणीच्या मॉडेलला टोकदार काही लावायचं नाही, हा आमच्या प्रयोगशाळेचा नियम. मला वाटलं, रघू शेवटी लावेल. त्याला वाटलं, ड्रॉइंगमध्ये नाही म्हणजे लागत नसेल.

"चेकलिस्टमध्ये नव्हता," रघू पुटपुटला.

दयानंद हसता हसता बांधावर खालीच बसला. "अक्का, तुम्ही तरी कारवारच्या!"

त्याने आपला एक गळ दिला. तो लावताच सात नंबर एका अंगाला कलली. मग मी नेलकटर काढलं, जिभेची कड जराजरा कातरली, आणि तिसऱ्या फेकीला तळहाताएवढा मासा लागला. तो काठावर तडफडताना रघू त्याच्यापुढे वाकला. "सॉरी," तो माशाला म्हणाला. पण सोडला नाही.

घरी मी तो आमच्याच ओट्यावर साफ केला. हात काही विसरले नव्हते. मीठ, तिखट, कोकमाचं आगळ, वर रवा. आमच्याच तव्यावर तो चुरचुरला आणि या घराला कधी माहीत नसलेला वास दिवाणखान्यापर्यंत गेला. रघू उठून जाईल असं मला वाटलं होतं. तो दहीभात घेऊन समोर बसला, श्वास रोखून, वही उघडून.

"कसा झालाय?"

माशाला तळ्याच्या चिखलाची चव होती. आमच्या कारवारच्या मांजरीनेही तोंड लावलं नसतं.

"फर्स्टक्लास," मी म्हटलं, आणि काटेसुद्धा चोखून खाल्ले.