माझ्यातून गेलेले अकरा

कॉलनीच्या हॉलमध्ये आबा यादी वाचत होते आणि अवंतिका माझ्या पदराखाली दूध पीत होती. आबा म्हणजे माझे सासरे, महिपतराव भोईटे, कॉलनी समितीचे सेक्रेटरी. फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेत, त्यामुळे यादी कसलीही असो, हजेरी घेतल्यासारखी वाचतात.

ही यादी रक्ताची होती. आमच्या कॉलनीमागे भांड्यांना आणि पत्र्यांना न चिकटणारा लेप देणारा एक कारखाना आहे. त्याचं सांडपाणी वर्षानुवर्षं जमिनीत मुरलं आणि आमच्या बोअरमध्ये उतरलं. ते पाणी आम्ही प्यायलो, त्यात डाळ शिजवली, कणीक मळली. अडीच वर्षांपूर्वी डॉक्टरांची टीम आली आणि सगळ्यांचं रक्त घेऊन गेली. त्या रिपोर्टनंतर बोअरला कुलूप लागलं आणि टँकर सुरू झाला. आता तेच लोक दुसऱ्यांदा रक्त घेऊन गेले होते, ते केमिकल अंगातून किती उतरलं हे बघायला.

आबांनी दोन्ही वेळच्या याद्या शेजारी-शेजारी ठेवल्या होत्या. कॉलनीत मराठी घरं सहाच, म्हणून वाचन हिंदीत.

“समरजीत भोईटे. पहले इकतालीस, अब इकतीस.”

माझा नवरा, एकेचाळीसवरून एकतीसवर. त्यानं मागच्या रांगेतून हात वर केला, शाळेत करतात तसा, आणि लोक हसले.

“सीमंतिनी भोईटे. पहले का खाना खाली. अब सत्रह.”

म्हणजे मी. आधीचा रकाना रिकामा, आताचे सतरा; मोठ्या माणसांत एवढा कमी आकडा कुणाचाच नव्हता. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, वळून बायकांकडे बघू लागल्या. शेजारच्या गुप्ताभाभींनी विचारलं, बहूला काय खिलवता. आईंनी सांगितलं की आमच्याकडे रोज सकाळी भिजवलेल्या मेथ्या असतात. त्या मेथ्या मी रोज मोरीत टाकते, ते त्यांना माहीत नाही.

यादी पुढे सरकली. शेवटाकडे आबा थांबले, चष्मा वर केला.

“सोनल माने. पहले अड़तीस. अब गैरहाज़िर. ये कौन है भई?”

कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणीतरी म्हणालं, असेल एखादी किरायेदार. आबा म्हणाले, असेच लोक असतात, मुफ्तचा टेस्ट करवला आणि चालते झाले. हॉल हसला. मीही हसले थोडी.

सोनल माने म्हणजे मीच.

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं गेलं, सीमंतिनी. आमच्यात तसंच असतं. नाव आईंनी निवडलेलं, समरजीतच्या पणजीचं. आधार कार्डावर मात्र मी सोनल मानेच राहिले. बदलू बदलू म्हणताना पाच वर्षं गेली. पहिल्या वेळी टीमनं आधार बघून नावं लिहिली. दुसऱ्या वेळी आबांनी घरोघरचे लोक स्वतः लिहून दिले, आणि आपल्या सुनेचं नाव त्यांनी तेच लिहिलं जे ते रोज हाक मारतात. त्यामुळे एका बाईच्या दोन बायका झाल्या. एकीचा आधीचा आकडा नाही, दुसरीचा नंतरचा.

समरजीत आपला आकडा ऐकून बाहेर पडला होता, म्हणून मीच तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण आबांच्या तोंडून ‘सोनल’ ऐकलं आणि मला इतकं बरं वाटलं की मी गप्प बसले. त्या घरात ते नाव पाच वर्षांत कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. एकान्तात समरजीतसुद्धा सीमूच म्हणतो. गैरहजर म्हणून का होईना, सोनलची कुणीतरी विचारपूस केली होती. अवंतिका दूध पितापिता झोपून गेली होती, ओठ नुसतेच हलत होते. मी मनात अडतीसातून सतरा वजा केले. एकवीस. एवढं विष माझ्या अंगातून गेलं होतं, आणि ते फक्त मला एकटीला ठाऊक होतं. त्या दिवशी घरी जाताना माझे पाय हलके पडत होते.

शुक्रवारी मी टीममधल्या डॉ. गरिमांकडे गेले. रिपोर्ट समजावून सांगायला त्या नया बाजारात एका दुकानावरच्या खोलीत बसतात. माझ्या रिपोर्टच्या दोन चिठ्ठ्या नेल्या, समरजीतच्याही नेल्या, आणि आधार. नावाचा घोळ सांगितला तर त्या खूप हसल्या. त्यांच्या यादीत अशा आणखी चार मराठी बायका निघाल्या होत्या म्हणे, पहिल्या खेपेला हजर, दुसऱ्या खेपेला गायब. त्यांना वाटलं होतं मराठी लोक फार घरं बदलतात.

मग त्यांनी समजावून सांगितलं. आकडा म्हणजे आजार नाही. रक्ताच्या एका थेंबात ते किती पोचलंय, एवढंच तो सांगतो. कधी काय होईल ते सांगत नाही. दोनच्या खाली असेल तर चिंता नाही. दोन ते वीस, तर कोलेस्टेरॉल, बीपी बघत राहायचं. विसाच्या वर, तर थायरॉइड आणि किडनीही दर वर्षी. म्हणजे मी आता मधल्या खान्यात होते आणि समरजीत वरच्या. हे केमिकल औषधानं निघत नाही, उपाशी राहून निघत नाही. पाणी बदललं की शरीर आपलं आपण, वर्षांच्या हिशेबानं, ते सोडतं.

मी विचारलं, मग आम्ही दोघं एकाच घरात, एकाच माठातलं प्यायलो, टँकरही एकाच दिवशी सुरू झाला. त्याचे दहाच कमी झाले आणि माझे एकवीस, असं कसं? मला खरं तर शाबासकी हवी होती. बायकांची शरीरं चिवट असतात, असं काहीतरी.

त्यांनी चारही चिठ्ठ्या टेबलावर सरळ केल्या.

“डॉक्टर साहब, तो मेरा कहाँ गया?”

त्यांनी अवंतिकाकडे बघितलं. ती त्यांच्या स्टेथोस्कोपची नळी चघळत होती.

मग त्या बोलल्या, हळू आणि पुष्कळ. काही पाळीतून जातं, काही गरोदरपणात नाळेतून, काही दुधातून. कुठून किती, ते कुणी सांगू शकत नाही. नवऱ्याचे दहा आणि तुझे एकवीस, म्हणजे बाळाला अकरा, असं गणित अजिबात करायचं नाही. शरीर म्हणजे दोन डबे नव्हेत, यातून काढलं नि त्यात टाकलं. बाळाची तपासणी करता येईल, पण त्या आकड्यावरून आज काही वेगळं करायचं नाही. दूध सुरूच ठेव. त्यातून जे चांगलं मिळतं ते दुसऱ्या कशातून मिळत नाही. हे त्यांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा माझा हात धरून.

मी मान हलवली. गणित तर झालेलंच होतं.

परतताना ई-रिक्षा पाटणकर बाजारातून गेली. तिथे माझं माहेर आहे. खिडकीत माझ्या आईचे टॉवेल वाळत होते. सुमनताई म्हणून सगळी गल्ली ओळखते तिला. वरून नुसती दिसले असते तरी तिनं सोनी म्हणून हाक मारली असती, आणि मग मला रस्त्यातच रडू आलं असतं. रिक्षावाल्यानं विचारलं, इथे थांबू का. मी म्हटलं, नाही, आगे चलो.

त्या दुपारपासून मी अवंतिकाला अंगावर घेतलं नाही.

दात येताहेत, चावते, असं घरात सांगितलं. वरचं दूध आणलं, बाटली उकळली. तिनं बाटलीकडे असं बघितलं, जशी मी तिची चेष्टा करतेय. चमच्यानं पाजलं, अर्धं गळ्यावर सांडलं. संध्याकाळी ती माझ्या ब्लाउजला नाक घासत राहिली, आठ महिने जिथे जे होतं तिथेच ते शोधत. मी तिला आईंच्या मांडीवर दिलं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावलं. दाराआडूनही तिचं रडणं ऐकलं की माझं दूध सुटायचं. दोन्ही बाजू ओल्या. छाती दगडासारखी झाली, हात वर करवेना. मोरीत उभी राहून मी दूध पिळून टाकायची आणि नळ सोडायची. पांढरी रेघ जाळीपर्यंत जायची. यात किती असेल, मी बघत बसायची. दिसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

मला सर्वांत जास्त काय आठवायचं, तर ते दिवस, जेव्हा मला काही माहीत नव्हतं. पहिला आठवडा. टाके दुखत होते, समरजीत दाराशी उभा राहून विचारत होता, येतंय का, येतंय का, जसा काही नळच. आणि ती घोट घ्यायची तो आवाज. आपल्यात काहीतरी एवढं चांगलं आहे, असं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईंनी मोरीचं दार ढकललं. माझा हात तसाच राहिला.

त्या ओरडल्या नाहीत. टॉवेल दिला, पलंगावर बसवलं, कोबीची गार पानं आणून छातीवर ठेवायला दिली. मग विचारलं. मी सगळं सांगितलं, सोनलपासून. आधी त्यांना तेच कळेना. “म्हणजे ती किरायेदार तू?” म्हणाल्या. मी हो म्हटलं. मग अडतीस, सतरा, एकतीस, डॉक्टरांचं बोलणं, सगळं. मेथ्यांचंही सांगून टाकलं.

त्या पुष्कळ वेळ पदराच्या टोकाची गाठ मारत आणि सोडत राहिल्या. बाहेर आबा अवंतिकाला घेऊन येरझाऱ्या घालत होते, एक-दो-एक म्हणत. फौजी चालीवर ती कधी कधी गप्प व्हायची. आज होत नव्हती.

“समरला मी तीन वर्षं पाजलं,” आई म्हणाल्या. “याच घरात. याच बोअरचं पाणी पिऊन.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कारखाना त्याच्याहून जुना आहे. म्हणजे त्याच्या एकेचाळीसमधले काही आईंचे होते. मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्याही तेच मोजत होत्या.

“तुम्हाला माहीत असतं तर?” मी विचारलं.

“माहीत असतं तर आधी कारखान्यावर गेले असते चप्पल घेऊन.” मग थोडं थांबून, “आणि घरी येऊन पाजलं असतं. दुसरं होतं काय माझ्याकडे? यांची पोस्टिंग लेहला, दुधाच्या पावडरीचा डबा परवडत नव्हता, पोर काठीसारखं. ते दूध पिऊन उभं राहिलं.” त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “मी नाही सांगणार पाज म्हणून. नको पाजू म्हणूनही नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मला ठरवावं लागलं नाही. तुला ठरवायचंय, सोनल.”

त्यांच्या तोंडी ते नाव अवघडच गेलं, नव्या जोड्यासारखं.

संध्याकाळी समरजीत आला, तेव्हा आईंनीच त्याला सांगितलं. तो माझ्याशेजारी येऊन बसला. आपल्या चिठ्ठीवरचे एकतीस बघत म्हणाला, माझ्यातले तर कुठे जायलाच तयार नाहीत, नाहीतर तिचे सगळे मी घेतले असते. मला त्याचा राग आला, कारण मी दोन दिवस नेमकं तेच मागत होते. तिच्यातून माझ्यात परत यायची एखादी वाट असती तर. दुधाला उलटं वाहता आलं असतं तर मी तिच्या एकेका थेंबासाठी तोंड उघडून बसले असते. अडतीस काय, शंभर घेतले असते. पण तशी वाट नाही. जी आहे ती एकाच दिशेची, आणि त्या वाटेनं तिच्याकडे तिचं वजन गेलं, तिचे गाल गेले, पडसं झालं तेव्हाचं औषध गेलं, आणि तेही गेलं. त्यातलं एकच वेगळं काढून थांबवता येत नव्हतं. थांबवलं तर सगळंच थांबत होतं.

मी आबांना हाक मारली आणि अवंतिकाला मागून घेतलं.

दोन दिवसांत ती रुसली होती. छातीशी धरलं तर मान फिरवली, मूठ माझ्या गळ्यावर मारली. मला वाटलं, विसरली. आता माझं ठरून काय उपयोग, तिनंच ठरवलं असेल तर. आई म्हणाल्या, थांब, घाई नको करू, आणि समरला आणि आबांना बाहेर पाठवून दार लोटून घेतलं. स्वतः पाठ करून कपड्यांच्या घड्या घालत बसल्या.

मी तिला नुसतीच धरून राहिले. तिचा घाम, तिच्या केसांतला तेलाचा वास, हुंदक्यांच्या मधले उसासे. मी तिला सांगितलं की चार महिने अजून, तुझा वाढदिवस होईपर्यंत, मग बघू. तुझी खिचडी टँकरच्या पाण्यातली. डॉक्टरांकडे दर तीन महिन्यांनी. आणि जे गेलं त्याची माफी. ती ऐकत नव्हती. नाक घासत घासत एकदाची जागेवर आली आणि इतक्या जोरात ओढलं की माझ्या तोंडून आई गं निघालं.

आईंनी वळून बघितलं नाही. दूध सुटायला थोडा वेळ लागला. मग तो आवाज आला, एक घोट, मग दुसरा.