मावशीचे बासष्ट किलो

मित्रांनो, जो माझ्यावर पाय देईल, त्याच्याशीच माझी ओळख होते. मी न्हाणीघरातला एक जुना वजनकाटा आहे. माझा रंग पावलांच्या जागी झिजला आहे, पण सुई अजून जागच्या जागी आहे. कारखान्यात तपासनीस बाईंनी माझ्यावर मापाची वजने ठेवून "हा चोख आहे" असा शेरा दिला होता. त्या एका शेऱ्यावर मी आजवर जगलो.

या घरी आलो तेव्हा आठवडाभर माझे कोण कौतुक झाले! सुतारकाम करणारे बाबा, आई, चिमुरडी लेक, सगळे रांगेने माझ्यावर चढत. आणि मावशी! ही आईची थोरली बहीण, सगळ्या कामांत पुढे. माझ्यावर उभी राहिली की ती हळूच टॉवेलच्या दांडीवर भार टाकायची. सुई बासष्टवर आली की टुणकन उतरून घरभर सांगायची, "बासष्ट!" एकदा दांडीवरून हात सुटला आणि खरा आकडा दिसला. तेव्हा म्हणाली, "ही फरशीच वाकडी आहे." त्या दिवसापासून माझी रवानगी बादलीमागे झाली. मला ते फार लागले.

परवा सकाळी मात्र घरात एकच धांदल उडाली. लेक आता मोठी झाली होती. व्हायोलिन बनवायला शिकण्यासाठी ती विमानाने दूर देशी निघाली होती. मला बादलीमागून काढले, पुसले आणि थेट बैठकीच्या खोलीत मांडले! माझी स्प्रिंग आनंदाने थरथरली.

लेकीने तिकीट वाचले. "मोठी बॅग तेवीस किलो. रिकाम्या बॅगेचं वजनही त्यातच धरतात हं. हातातली सात."

बॅग माझ्यावर ठेवली तर आकडाच झाकला जाई. बाह्या सरसावत मावशी म्हणाली, "सरका. मी उचलून उभी राहते, मग माझं वजन वजा करा."

सुई एक्याण्णववर थांबली.

"त्यातून माझे बासष्ट गेले, म्हणजे एकोणतीस. बापरे, सहा किलो जास्त!"

स्वेटर, बूट, पुस्तके आधीच कमी करून झाली होती. बॅगेतून काढण्याजोगे उरले एकच जड गाठोडे. त्यात बाबांचा रंधा आणि पटाश्या होत्या. लेकीसाठी त्यांनी महिनाभर धार लावली होती.

"हातातल्या बॅगेत टाकू?" आईने विचारले.

"धारदार हत्यारं वर नेऊ देत नाहीत गं," लेक म्हणाली. तिचे डोळे भरले.

"राहू दे. तिथे नवीन मिळतील," बाबा म्हणाले, गाठोडे बॅगेतून काढून बाजूला ठेवले आणि टॅक्सी आली का ते बघायला खिडकीशी गेले. टॅक्सीला अजून अर्धा तास होता.

मित्रांनो, मला ओरडावेसे वाटले! पण मला फक्त आकडा दाखवता येतो.

मावशीने गाठोड्याकडे पाहिले, मग बाबांच्या पाठीकडे. तिने चपला काढल्या आणि एकटीच माझ्यावर उभी राहिली. जवळ दांडी नव्हती. दोन्ही हात तिने सरळ खाली सोडले.

"बघा सगळ्यांनी. अडुसष्ट आहे मी. आज नाही, कैक वर्षं."

"ताई, पण ती फरशी..." आई म्हणाली.

"फरशी सरळ आहे! भावजी, आणा ती हत्यारं."

एक्याण्णवातून अडुसष्ट गेले, तेवीस! लेकीने मावशीला मिठी मारली. बाबांनी गाठोडे स्वतःच्या हाताने बॅगेत ठेवले आणि चेन लावताना दोनदा नाक पुसले.

दुपारी विमानतळावरून फोन आला. "बावीस किलो नऊशे! मावशी, हत्यारं निघाली माझ्याबरोबर!" मावशीने आनंदाने मलाच थोपटले. चोख असल्याचा शेरा मला दुसऱ्यांदा मिळाला.

आता मी बादलीमागे नसतो. मावशी आली की मला पुसून मगच माझ्यावर चढते. मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद धूळ खात पडला असेल. बॅग भरण्याआधी त्याला बाहेर काढा, पुसा. आणि त्याच्यावर उभे राहाल तेव्हा तेवढी टॉवेलची दांडी सोडा.